घरी शिकणारी मुले आणि घरचा हिशेब

आपल्या समाजात घरी शिकणारी मुले नवी नाहीत, फक्त त्यांना कोणी तसे नाव दिले नव्हते. हिफ्जसाठी पाचवी-सहावीनंतर शाळा सोडलेला मुलगा कुरआन शरीफ पाठ करून तीन-चार वर्षांनी घरी येतो, तेव्हा त्याच्या बरोबरीची मुले नववी-दहावीत पोहोचलेली असतात. वडिलांची आखातातली नोकरी संपते, कुटुंब भर जानेवारीत गावी परतते आणि तिथला अभ्यासक्रम इथे जुळत नाही. मुलगी दहावी होते, कॉलेज तालुक्याला, एसटी दिवसातून तीन वेळा. मग घरी बसूनच परीक्षा द्यावी असे ठरते. ही मुले १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी-बारावी देतात, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये नाव घालतात. वयाची चौदा वर्षे झाली की तिथे दहावीला प्रवेश मिळतो. माध्यम मराठी घेता येते, उर्दूही घेता येते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात. गेली काही वर्षे रविवारी सकाळी आणि आठवड्यातून दोन दिवस असरनंतर आमच्या पडवीत सात-आठ मुले-मुली संगणक शिकायला बसतात. आम्ही काही संगणकाचे पदवीधर नव्हे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी आवाजातले धडे एका बाजूला लावून, दुसऱ्या बाजूला तेच हाताने करत करत शिकलो. पालकांनी हे वाचून ‘आम्हांला कुठे येते?’ म्हणू नये, म्हणून हे सांगून ठेवले.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्टिफिकेट मिळेल का? सर्टिफिकेटला आमचा विरोध नाही. २००१ पासून चालू असलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतो, तो जरूर करावा. एनआयओएसच्या दहावीत ‘डेटा एंट्री ऑपरेशन्स’ हा विषय आहे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. तो घेणाऱ्या मुलांना आम्ही शाबासकीच देतो. पण तीन महिन्यांचा कोर्स करून आलेल्या मुलाला आम्ही घरची किराणा वही पुढे ठेवून ‘गेल्या सहा महिन्यांत तेलावर किती खर्च झाला ते काढ’ म्हटले, तर तो आमच्याकडे पाहत राहतो. बटण कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. ते कशासाठी दाबायचे, हे त्याला कोणी कधी विचारलेलेच नसते. आम्ही तिथून सुरुवात करतो.

मोबाइल येतो म्हणजे संगणक येतो, हा दुसरा समज. चौदा-पंधरा वर्षांचे मूल मोबाइलवर वाऱ्यासारखे बोट चालवते, पण फाइल म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही. फोटो कुठे आहे? ‘गॅलरीत.’ गॅलरी कुठे आहे? ‘मोबाइलमध्ये.’ मोबाइलने सगळे आत लपवून ठेवलेले असते. म्हणून आमचे पहिले पंधरा दिवस फाइल आणि फोल्डर यांतच जातात. नाव काय द्यायचे, तारीख नावात कशी लिहायची म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतील (वर्ष आधी, मग महिना, मग दिवस), एकच वस्तू दोन ठिकाणी का ठेवायची, पेनड्राइव्ह काढून घेण्याआधी काय करायचे. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. वाटू द्यावे.

त्याच काळात दहा बोटांनी टंकलेखन. मराठीसाठी आम्ही इनस्क्रिप्ट शिकवतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि एकदा बोटांना सवय झाली की हिंदीसाठी वेगळे शिकावे लागत नाही. उर्दूसाठी मात्र फोनेटिक बरा पडतो. लग्नपत्रिका, जमातीच्या नोटिसा, मदरशाच्या प्रश्नपत्रिका ही कामे गावात बाराही महिने असतात, आणि उर्दू-मराठी दोन्ही युनिकोडमध्ये नीट टाइप करणारे माणूस शोधून सापडत नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू ओळ आणि तिच्या पोटात डावीकडून उजवीकडे जाणारा फोन नंबर पडद्यावर कशी उलथापालथ करतात, ते ज्याने भोगले त्यालाच कळते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार झाला तेव्हा हजारो जोडाक्षरांचे आकार हाताने काढून संगणकात भरले होते, हे मुलांना सांगितले की ती जरा आदराने टाइप करू लागतात.

आता खरी गोष्ट. आमचा अनुभव असा की प्रोग्रॅमिंगचा पाठ पुस्तकातल्या उदाहरणाने सुरू केला तर महिनाभरात निम्मी मुले गळतात. घरच्या कामाने सुरू केला तर टिकतात. आमच्याकडे येणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीचे उदाहरण सांगतो. वडील कुवेतला, आई इथली हापूसची कलमे सांभाळते. मार्च ते मे पेट्या वाशीच्या बाजारात जातात, तिकडून दलालाची पट्टी येते: किती पेट्या, काय भाव, गाडीभाडे किती, हमाली किती, हातात किती. पट्ट्या खिळ्याला टोचून ठेवायच्या आणि हंगाम संपला की वडिलांना फोनवर एक आकडा सांगायचा, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. आम्ही मुलीला म्हटले, ‘तुझा प्रोजेक्ट हाच.’

तिने लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये दोन तक्ते केले. एकात आईच्या वहीतून, कोणत्या तारखेला किती पेट्या गाडीत चढल्या. दुसऱ्यात पट्टीवरून, कोणत्या तारखेच्या किती पेट्यांचे पैसे आले. त्यासाठी आधी तारखा एकाच पद्धतीने लिहायला हव्यात, पेटी चार डझनी की पाच डझनी की सहा डझनी हे वेगळ्या रकान्यात हवे, आणि ‘साधारण चाळीस’ असले शब्द आकड्याच्या खान्यात चालत नाहीत. एवढ्यातच आठवडा गेला, कारण वहीत तिघांची अक्षरे होती. मग ‘समइफ’ हे सूत्र: दुसऱ्या तक्त्यातून या तारखेच्या पेट्यांची बेरीज आणून दे. शेजारच्या रकान्यात वजाबाकी. सगळीकडे शून्य यायला हवे.

गेलेल्या पेट्या ४१२, पट्टीवर आलेल्या ३९७. एप्रिलमधल्या एकाच तारखेसमोर शून्याऐवजी १५ उभे. त्या गाडीची पट्टी आलीच नव्हती. आईने दलालाला फोन करून तारीख आणि गाडी नंबर सांगितला. त्याने वही पाहिली, पट्टी लिहायची राहून गेली होती म्हणाला आणि पैसे पाठवले. त्याचा वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. हंगामात तिथे झोपायला वेळ नसतो. पण पंधरा पेट्यांचे पैसे हे त्या घरी मुलीच्या वर्षभराच्या पुस्तकांचे पैसे आहेत. आणि वडिलांनी कुवेतहून पहिल्यांदा आईला न विचारता मुलीला विचारले, ‘गेल्या वर्षीच्याही पट्ट्या आहेत का गं खिळ्याला?’

त्याच तक्त्यात तिला दुसरी गोष्ट सापडली, ती आम्हांला अधिक मोलाची वाटते. तिने भावांची सरासरी काढली आणि ती आईच्या अंदाजापेक्षा बरीच वर आली. आई म्हणाली, एवढा भाव मिळालाच नाही. कोण बरोबर? समजा १० पेट्या ३,००० रुपयांनी गेल्या आणि ५० पेट्या १,५०० रुपयांनी. दोन भावांची सरासरी २,२५०. पण खरे पैसे मोजले तर ३०,००० आणि ७५,०००, म्हणजे ६० पेट्यांचे १,०५,०००; पेटीमागे १,७५०. सूत्र चुकले नव्हते, प्रश्न चुकला होता. शिवाय मोठे फळ असेल तर त्याच पेटीत डझन कमी बसतात, म्हणून तुलना पेटीची न करता डझनाची करायला हवी, हे आईनेच तिला सांगितले. मॅट्रिक न झालेल्या बाईने लेकीच्या संगणकाची चूक काढली, याचा दोघींनाही फार आनंद झाला.

हिशेबाचा तक्ता पुरतो तिथे प्रोग्रॅम लिहायची गरज नाही. मुलांना घाई असते. पायथन कधी, पायथन कधी. एकच काम वारंवार करायचे असेल आणि त्यात ‘असे असेल तर हे, नाहीतर ते’ असे फाटे असतील, तेव्हा आम्ही पायथनकडे वळतो. ही भाषा १९९१ पासून आहे, फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालते, आणि नावाचा सापाशी संबंध नाही. एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. एक सोय फारशी कोणाला माहीत नसते: पायथनच्या आताच्या आवृत्तीत व्हेरिएबलचे नाव देवनागरीत लिहिता येते. आज्ञा इंग्रजीच राहतात, पण ‘डिझेल’, ‘बर्फ’, ‘वाटा’ अशी नावे दिली की मुलाला आपण काय लिहितोय ते दिसते. उर्दू अक्षरेही चालतात, मात्र उलट्या दिशेमुळे ओळ डोळ्यांना फसवते, म्हणून आम्ही ती टाळतो.

नाव ‘डिझेल’ असण्याचे कारण एक हाफिज मुलगा. वय पंधरा, आजोबांची मासेमारीची बोट. त्या बोटीवरचा रिवाज असा: विक्रीतून डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करायचे, उरेल त्यातले अर्धे बोटीचे, अर्धे माणसांचे, माणसांच्या वाट्यात तांडेलाला दोन हिस्से, प्रत्येक खलाशाला एक. विक्री ८२,०००, खर्च ३६,०००, उरले ४६,०००, माणसांचे २३,०००, तांडेल आणि पाच खलाशी मिळून सात हिस्से. पहिल्या प्रयत्नात त्याने दोन खर्च विचारून त्यांची बेरीज केली, तर ५ आणि ७ मिळून ५७ आले. पडवीत हशा पिकला. कीबोर्डवरून आलेली वस्तू पायथन अक्षरे समजतो, तिला आधी आकडा करून घ्यावे लागते, हे त्या दिवसानंतर कोणालाही परत शिकवावे लागले नाही. चुकीचा संदेश आला की मुले वरपासून वाचायला घेतात आणि घाबरतात. आम्ही सांगतो, शेवटची ओळ आधी वाचा. काय बिघडले ते तिथे लिहिलेले असते.

मग हिस्सा आला ३,२८५ रुपये आणि पुढे दशांशांची शेपटी. खलाशाला पैसे दशांशात देत नाहीत. पूर्ण रुपयांत वाटले तर पाच रुपये उरतात, ते कोणाचे? मुलगा आजोबांकडे गेला. आजोबा म्हणाले, ‘उरलेली चिल्लर चहाला.’ प्रोग्रॅममध्ये ‘चहा’ नावाचे व्हेरिएबल आले.

आम्ही त्याला आणखी एक आकडा भरून पाहायला सांगितले: विक्री २०,०००, खर्च ३६,०००. प्रोग्रॅमने प्रत्येक खलाशाच्या नावावर हजारावर रुपये देणे दाखवले. मुलगा पुन्हा आजोबांकडे. या वेळी आजोबांना उत्तर द्यायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, खलाशाच्या अंगावर तोटा कधी टाकला नाही, पुढच्या फेरीतून थोडा थोडा वळता करतो. थोडा म्हणजे किती? ‘ते बघून.’ चाळीस वर्षे बोट चालली आणि हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कोणी विचारलाही नव्हता. आजोबा, तांडेल आणि मुलाचे चाचा असे तिघे बसले आणि ठरले की एका फेरीत उरलेल्या रकमेच्या चौथ्या भागापेक्षा जास्त वळते करायचे नाही. प्रोग्रॅममध्ये ती एकच ओळ आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नामुळे पाच खलाशांना आपला नियम कळला, आणि हे काम शाळेच्या लॅबमध्ये बसून त्याला करता आले नसते. घरी शिकणाऱ्या मुलाकडे एक गोष्ट भरपूर असते: ज्यांना नियम ठाऊक आहेत अशी माणसे, दिवसभर, हाकेच्या अंतरावर.

रमजान जवळ आला की जकातीचा तक्ता करायला घेतो. यात शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून तो एकाच खान्यात ठेवायचा आणि बाकी सूत्रांनी तिथूनच उचलायचा. निसाब ६१२.३६ ग्रॅम चांदी. माल ‘त्याहून जास्त’ असेल तर जकात, की ‘तेवढाच’ असला तरी? तेवढाच असला तरी. म्हणजे सूत्रात नुसते ‘मोठे’ हे चिन्ह चालणार नाही, ‘मोठे किंवा समान’ हवे. मुले तीन आकड्यांनी तपासतात: निसाबाच्या खाली, नेमका तेवढा, आणि वर. नेमका तेवढा हा आकडा तपासायची सवय लागली की अर्धे प्रोग्रॅमिंग आले असे आम्ही समजतो. वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. संगणकाने काढलेली पुढच्या वर्षीची तारीख चंद्रदर्शनाने एखादा दिवस सरकू शकते, म्हणून तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहायचे.

एका वर्षी मुलांनी मोबाइलवरच्या ॲपशी आपला तक्ता ताडून पाहिला, तर आकडे जुळेनात. ॲपने आईच्या अंगावरचे दागिने धरले होते, तक्त्याने धरले नव्हते. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई. वापरातल्या जायज दागिन्यांवर शाफई मसलकात जकात धरत नाहीत, हनफी मसलकात सोन्याचांदीचे दागिने धरतात. ॲप बनवणाऱ्याने हनफी नियम घातला होता, इतकेच. आम्ही मुलांना मौलानांकडे पाठवले, कारण मसला सांगणे हे संगणकाचे काम नाही आणि आमचेही नाही. पण ॲपच्या आत कोणीतरी बसून नियम लिहिलेला असतो, आणि तो आपल्या घरचा नसू शकतो, हे त्यांना त्या दिवशी दिसले. नवव्या शतकात बगदादेत अल-ख्वारिझ्मींनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्यात वारसाहक्काच्या वाटण्यांचा मोठा भाग आहे. अल्गोरिदम हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. आपल्या सभांमध्ये हे अभिमानाने सांगतात. सांगावे. पण त्यानंतर घरी जाऊन एखादी वाटणी मांडूनही पाहावी.

चॅटबॉटला विचारून प्रोग्रॅम लिहून आणणारी मुलेही आता येतात. आमचा नियम साधा आहे: आधी स्वतः करून पाहायचे, मग विचारायचे, आणि आणलेली प्रत्येक ओळ पडवीत सगळ्यांसमोर समजावून सांगायची. सांगता आली नाही ती ओळ खोडायची. तोटा खलाशावर टाकायचा की नाही, हे चॅटबॉटला ठाऊक नसते.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. संगणक मधल्या खोलीत ठेवावा, दार उघडे, पडदा सगळ्यांना दिसेल असा. कॅल्क आणि पायथन दोन्हींना इंटरनेट लागत नाही. पहिले सहा महिने जोडणी नसली तरी अडत नाही. ‘मुलीला मोबाइल नको’ म्हणणाऱ्या एका वडिलांना आम्ही म्हटले, मोबाइल नकाच देऊ, कीबोर्ड द्या. ते तयार झाले. पट्ट्यांचा तक्ता करणाऱ्या त्या मुलीकडे आता शेजारची तीन घरे आपल्या पट्ट्या आणून देतात, पैसेही देतात. तिला आम्ही एकच गोष्ट निक्षून सांगितली: दुसऱ्याचा हिशेब ही अमानत आहे. एका घराचा भाव दुसऱ्या घरी सांगायचा नाही, फाइलला पासवर्ड, आणि कोणाच्या आधार कार्डाचा फोटो आपल्याकडे पडून राहू द्यायचा नाही.

यंत्राविषयी थोडे. नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. कचेरीतून निघालेला जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, या सगळ्या कामाला पुरतो. त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकावे, दोन्ही फुकट आहेत. बॅटरी थोडी तरी टिकणारी पाहून घ्यावी, पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते ते सर्वांना माहीत आहे. कीबोर्डवर चिकटवायचे देवनागरीचे स्टिकर मिळतात, ते घेऊ नयेत. मुले खाली बघत बसतात. शहरात राहणाऱ्यांनी राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे संगणक केंद्र जवळपास आहे का ते पाहावे. तिथे संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी यांचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो.

हाफिज मुलाने या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे, त्यामुळे सकाळ अभ्यासाची. जूनमध्ये मासेमारी बंदी लागली की बोट किनाऱ्यावर येईल, आजोबा घरी असतील, आणि तेव्हा मागच्या तीन वर्षांच्या वह्या प्रोग्रॅममध्ये भरायचे ठरले आहे. दोन वह्यांची पाने खाऱ्या पाण्याने चिकटली आहेत. त्या मे महिन्यातच उन्हात वाळवून ठेवायला आम्ही सांगितले आहे.